हॉर्नकडे पाहायचं नाही

माझं काम नेमकं काय, हे रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या शेजारणींना शेवटपर्यंत उमगलं नाही. ऑक्युपेशनल थेरपी म्हटलं की त्यांना मालिशच वाटायचं. पुढे आमच्या सेंटरवर ती डोळ्यांवर बांधायची यंत्रं आली, तेव्हा तर एकीनं सगळ्या गल्लीत सांगून टाकलं, "भाभी तिकडे तेलीबांध्याले पोट्ट्यायले डब्ब्यात सिनेमा दाखवते." मी चिडायचे. आता निवृत्त झाल्यावर चिडून काय उपयोग, आणि खरं सांगायचं तर त्या बाईचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे यशस्वी केसेस मागितल्या. त्या आहेत, पण त्या मी हळदीकुंकवापासून बँकेच्या रांगेपर्यंत सगळीकडे सांगून झाले आहे. आज सांगते आहे ती कुठेच सांगितलेली नाही.

आधी कामाबद्दल दोन शब्द. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या मेंदूची जडणघडण जन्मापासूनच थोडी वेगळी असते. कुणाला स्वमग्नता, कुणाला अतिचंचलपणा, कुणाला दोन्ही. ती वेडी नसतात आणि लाडानं बिघडलेलीही नसतात, हे समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. बहुतेकांची अडचण लक्षाची. आता लक्ष म्हणजे काही एकच गोष्ट नाही. ते एका जागी टिकवणं वेगळं, नको त्या गोष्टींकडे दुर्लक्ष करणं वेगळं, आणि गरज पडली की तिथून उचलून दुसरीकडे नेणं वेगळं. ही तिसरी गोष्ट मी शिकलेली होते, परीक्षेत तिच्यावर उत्तरही लिहिलं होतं.

ते यंत्र डोळ्यांवर बांधलं की मुलाला समोर वर्ग दिसतो. फळा, बाई, बाकं, डावीकडे खिडकी, उजवीकडे दार. मान वळवावी तसा वर्गही वळून दिसतो, त्यामुळे थोड्या वेळानं आपण खुर्चीवर सेंटरमध्ये बसलोय हे मूल विसरतं. फळ्यावर एकेक अक्षर येतं. 'क'नंतर 'म' आला तरच हातातलं बटण दाबायचं. मधेच कुणाची कंपासपेटी पडते, दारातून शिपाई डोकावतो, खिडकीवर चिमणी येते. मुलानं किती वेळा बरोबर दाबलं आणि किती वेळा मान फिरवली, हे सगळं यंत्र टिपून ठेवतं आणि शेवटी एक आकडा देतं. वीस मिनिटांच्या वर बसवायचं नाही, मिरगीचा त्रास असेल तर मुळीच नाही. रायपूरच्या मे महिन्यात ते यंत्र घामानं निथळायचं आणि पोरींच्या तेल लावलेल्या वेण्यांवरून त्याचा पट्टा घसरायचा. स्पिरिटनं पुसून पुसून माझ्या बोटांची सालं निघाली होती.

पहिल्या दसऱ्याला सेंटरची साफसफाई करणाऱ्या दुलारीबाईनं यंत्राची पूजा केली. कुणी सांगितलं नव्हतं, पण घरात विळी-कोयता पुजतात, मग हे का नको. दुसऱ्या दिवशी एका मुलाला यंत्र बांधलं तर तो खुर्चीला घट्ट धरून ओरडायला लागला, भिंत पडते आहे म्हणून. माझा जीव अर्धा झाला. मुलाला काही झटका आला की काय म्हणून मी त्याच्या आईला फोनसुद्धा लावला. मग लक्षात आलं की यंत्राच्या तोंडावर चार बारीक कॅमेरे असतात, त्यांच्यामुळे त्याला खोली कळते, आणि चारही कॅमेऱ्यांवर कुंकू होतं. दुलारीबाई म्हणाली, "चार ठन आँखी हे मैडम, त चारों म टीका लगा देंव." चार डोळे, म्हणून चार टिळे; यात तिचं काय चुकलं, हे मी तिला सांगू शकले नाही.

अभनपूरचे एक धानाचे व्यापारी मुलाला घेऊन आले, तेव्हा म्हणाले, आधी मी बसून पाहतो. बसले. दहा मिनिटांनी मी यंत्र काढलं तर साहेब गाढ झोपलेले. उठून म्हणाले, "हव मैडम, असलीच मशीन आय. मोर स्कूल म घलो मोला अइसने नींद आवय." म्हणजे मशीन अस्सल, त्यांनाही शाळेत अशीच झोप यायची. मुलाला त्यांनी त्याच दिवशी दाखल केलं.

आता माझ्या हुशारीची गोष्ट. यंत्रातले मूळ आवाज कुठल्या तरी परक्या शहरातले होते. बाहेरून जाणारी गाडी अशी सभ्य, की आमची मुलं ढुंकून पाहायची नाहीत. आकडे छान यायचे आणि घरी गेल्यावर गोंधळ होता तसाच. मला ते खटकलं. ज्या आवाजानं मूल खरोखर विचलित होतं तोच वर्गात हवा, हे कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं, पण आलं माझ्या. मी मोबाइल घेऊन तेलीबांध्याच्या रस्त्याच्या कडेला तीन दुपारी उभी राहिले आणि आवाज भरून घेतले. ट्रकचे, ऑटोचे, सिटीबसचे, त्या कर्कश्श मोटरसायकलींचे. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मागे लागून ते वर्गाच्या खिडकीबाहेर घालून घेतले. दिल्लीहून पाहणीला आलेल्या लोकांनी माझं कौतुक केलं. मी ते महिनाभर मिरवलं.

प्रज्ञा मेश्राम त्याच सुमारास आली. तेरा वर्षांची, उंच, दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनी. वडील रेल्वेत, पाळीची ड्यूटी. आई संगीता, बी.ए. झालेली, पण मुलगी पाच वर्षांची असल्यापासून तिला शाळेत सोडणं, वर्गाबाहेर थांबणं आणि परत आणणं हीच तिची नोकरी. मूळचे भंडाऱ्याकडचे. आई मराठीत बोलायची आणि प्रज्ञा हिंदीत उत्तर द्यायची. तिला अतिचंचलपणा होता, आणि त्याच्या जोडीला स्वमग्नतेचाही अंश होता. एखादं वाक्य पटलं की ती ते अक्षरशः धरून ठेवायची. घरात 'पाय धुऊन ये' सांगितलं तर पायच धुवायची, चेहऱ्यावरच्या शाईला हात लावायची नाही.

पहिल्या दिवशी ती तीन मिनिटंही बसली नाही. प्रत्येक हॉर्नला सगळी खुर्ची घेऊन वळायची. मी तिला एक वाक्य दिलं, "प्रज्ञा, हॉर्न वाजला की तिकडे पाहायचं नाही. मान सरळ." प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात. आठवड्यातून तीनदा. महिनाभर काही नाही, मग हळूहळू मान थांबायला लागली. चौथ्या महिन्यात तर ट्रकचा हॉर्न कानाशी वाजला तरी रिबीन हलायची नाही. आकडा एवढा वर गेला की मला यंत्राचाच संशय आला, म्हणून मी दोनदा तपासलं. शाळेतूनही निरोप आला की आता ती तास-तास बसते.

त्याच आठवड्यात संगीता म्हणाली, "मॅडम, मले नव्या रायपूरले काम भेटून राहिलं. एका ऑफिसात, कम्प्युटरवर माहिती भरायचं. नऊची बस हाय. हिची शाळा साडेअकराची. आता हे सायकलनं एकटी जाऊ शकते काय?"

मी दुसऱ्या मुलाच्या कागदावर सही करत होते. वर न पाहता म्हटलं, "जाऊ दे की. आता काय हरकत आहे. लक्ष किती छान टिकतं तिचं."

एवढंच बोलले मी. एरवी घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का म्हणून मी कोपऱ्यावरून तीनदा परत येणारी बाई, आणि इथे मी एका मिनिटाचाही विचार केला नाही.

सोमवारी सव्वाअकराच्या सुमारास मी सेंटरच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा घेत उभी होते. खालून प्रज्ञा सायकलवर येताना दिसली. नवी निळी सायकल, कोरा गणवेश. मला फार बरं वाटलं. तिच्या मागे विटांनी भरलेला ट्रक होता आणि तो हॉर्न वाजवत होता. पुढचे दोन स्कूटीवाले बाजूला झाले, एक म्हातारा थांबून मागे वळला. प्रज्ञा बाजूला झाली नाही. तिची मान सरळ होती. ती मान मी ओळखली. माझ्या खुर्चीत बसायची तीच.

ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. चाकाखालची धूळ उडाली आणि तो तिच्या हातभर मागे थांबला. ती तशीच पुढे गेली. मी गॅलरीतून जिवाच्या आकांतानं हाक मारली, "प्रज्ञा." तिनं त्या हाकेकडेही पाहिलं नाही. मी जिना उतरले तोवर ती वळणावरून दिसेनाशी झाली होती. माझ्या एका पायातली चप्पल जिन्यातच राहिली होती.

पुढे मोठा चौक होता, तो ओलांडल्याशिवाय शाळा नाही. मी संगीताचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. तिला सांगायचं तरी काय? शाळेचा फोन कुणी उचलेना. ऑटोत बसल्यावर माझा एक पाय अनवाणी पाहून ऑटोवाल्यानं विचारलं, "दीदी, हॉस्पिटल जाना है क्या?" चौकात गर्दी जमलेली दिसली. मी चालत्या ऑटोतून उतरायला निघाले. एक भाजीचा ठेला उलटला होता, बाकी काही नव्हतं. त्या बिचाऱ्या भाजीवाल्याचं नुकसान पाहून मला आनंद झाला, याची आजही लाज वाटते.

शाळेच्या फाटकावरच्या चौकीदारानं विचारलं, आप कौन? मी कोण होते? मी मौसी म्हणून सांगितलं. सायकलींच्या ओळीत निळ्या सायकली पुष्कळ होत्या आणि तिची कुठली हे मला ओळखू येईना. शेवटी तिच्या वर्गाच्या बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "आ गई है मैडम, क्लास में बैठी है. बहुत सुधार है, हिलती तक नहीं."

प्रज्ञाला व्हरांड्यात बोलावलं. मी विचारलं, "प्रज्ञा, मागून ट्रक हॉर्न वाजवत होता. तुला ऐकू आला?"

"हाँ, आया."

"मग वळून काहून नाही पाहिलं?"

तिनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं, मी तिची परीक्षा घेते आहे असं तिला वाटलं असावं. "देखना नहीं है न मैडम. आपने ही तो बोला. वही वाला हॉर्न था."

बरोबर बोलत होती. तोच हॉर्न होता. तोच रस्ता, तशाच गाड्या, मी स्वतः उन्हात उभी राहून भरून आणलेल्या. आवाज परके राहिले असते तर कदाचित तिनं रस्त्यावर मान वळवली असती. मी ते घरचे केले आणि चार महिने खपून तिच्यातली जीव वाचवणारी एक सवय मोडून काढली.

त्या दिवशीच्या सगळ्या भेटी मी रद्द केल्या आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसून राहिले. सुटल्यावर तिची सायकल हातात धरून चालत तिला घरी नेलं. वडील ड्यूटीवर निघाले होते, त्यांना मी काही बोलले नाही. संगीता सहा वाजता आली. गळ्यात ऑफिसचं नवं ओळखपत्र, ते तिनं अजून काढलं नव्हतं. मला पाहून दारातच थांबली. "काय झालं मॅडम?"

काही झालं नव्हतं, आणि हीच माझी पळवाट होती. मुलीला खरचटलंही नव्हतं, ट्रकवाला निघून गेला होता, पाहणारी मी एकटी. 'थोडे दिवस सायकल थांबवू, तिला जरा थकवा वाटतोय,' असं म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. हे वाक्य मी वाटेत जुळवलंसुद्धा होतं. पण प्रज्ञा तिथेच बसून वहीवर रेघा मारत होती, आणि मला ते बोलवेना. मी सगळं सांगितलं. यंत्र, आवाज, ते वाक्य, आणि सही करता करता तिला दिलेला होकार.

संगीतानं ओळखपत्र गळ्यातून काढलं. मग म्हणाली, "वर्गात ते बसून राहते, ते बी खोटं काय?"

"नाही, ते खरं आहे. ते तिनं कमावलंय."

"मंग आता मी काय करू मॅडम? नौकरी धरू का पोट्टीले धरू?"

मी म्हटलं, मी नेईन तिला रोज. ती म्हणाली, "किती दिवस?" शिकवायला किती लागतात याचा माझ्याकडे आलेख होता. पुसायला किती लागतात, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नव्हतं.

मी आठवड्यातून तीन दिवस जात होते, त्याहून जास्त मला जमेना, सेंटरवर इतर मुलं होती. उरलेल्या दिवसांसाठी संगीतानं ऑफिसात उशिरा येण्याची परवानगी मागितली. नव्या माणसाला ती कोण देणार? पंधरा दिवसांत तिनं ते काम सोडलं. मला तिनं ते सांगितलं नाही. दुपारी बारा वाजता ती रस्त्यात भेटली तेव्हा कळलं.

आम्ही सायकल बंद ठेवली आणि पायी सुरुवात केली. हॉर्न वाजला की थांबायचं, वळायचं आणि मोठ्यानं सांगायचं, पीछे, बाएँ, ऑटो. पहिले काही दिवस हॉर्न झाला की प्रज्ञाची मान आणखी ताठ व्हायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. दोन नियम, दोन्ही माझेच, आणि दोन्ही उलटे. ती विचारायची, "अब देखूँ?" मी म्हणायचे, बघ. शेवटी संगीतानं तोड काढली. तिनं मुलीला सांगितलं, "छत असन तर नाही पाहायचं, आभाळ असन तर पाहायचं." मला वीस वर्षांच्या अनुभवात हे सुचलं नव्हतं. तरी प्रज्ञानं विचारलंच, "ऑटो में तो छत है?" त्यावर तिघींनी बसून वेगळा नियम केला.

त्याच आवाजांवर शिकवलेली आणखी चार मुलं होती. मी चारही घरी गेले आणि दाराशी उभी राहून त्यांच्या मागे मोबाइलवर भरलेला तोच हॉर्न वाजवून पाहिला. आईबापांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. चारही मुलं वळली. त्यांनी माझं कधीच नीट ऐकलं नव्हतं, आणि त्याबद्दल मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगून मी खिडकीबाहेरचे सगळे हॉर्न काढून टाकले. आता त्या वर्गात कंपासपेटी, पंखा आणि चिमणी आहे. पाहणीवाले पुन्हा आले तेव्हा त्यांनी विचारलं, तो चांगला प्रयोग बंद का केला? मी खरं कारण सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, मला ठाऊक नाही.

यंत्र वाईट नाही. ते मी शेवटपर्यंत वापरलं आणि त्यातून मुलं वर्गात बसायला शिकली, हेही खरं आहे. पण त्यानंतर मी कुणालाही आकडा पाहून होकार दिला नाही. मुलाबरोबर रस्त्यावर, बाजारात, बसथांब्यावर चालून पाहिल्याशिवाय माझी सही होत नसे. सेंटरवर माझी चेष्टा व्हायची, मॅडम फिरायला निघाल्या म्हणून.

पावसाळा संपून गेल्यावर एका दुपारी संगीताचा फोन आला. कानाला फोन लावला तर आधी नुसतीच रहदारी ऐकू आली. मग ती म्हणाली, "मॅडम, पायलं तिनं. सायकलवर होती, मी मांगं होती. मी काई बोलली नाई. बसचा हॉर्न वाजला आन् तिनं आपल्यानंच वळून पायलं, सायकल बाजूले घेतली."

मी खुर्ची ओढून बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. जरा वेळानं मी म्हटलं, "संगीता, त्या ऑफिसात मी जाऊन बोलू का? आता तुला मोकळीक झाली."

"तिथं दुसरी आली मॅडम, कवाच."

पलीकडे पुन्हा हॉर्न वाजत होते. इतक्या महिन्यांत जे विचारायचं मी टाळत आले होते ते तेव्हा विचारलं. "तुला माझा राग येतो का गं?"

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आतापर्यंत फुरसत नव्हती मॅडम. माह्यं सारं ध्यान तिच्या मानेवर होतं. आता येईल."